लिंबाखालची बीएमडब्ल्यू

सन २०१० च्या ऑक्टोबर महिन्यांत तेव्हांच्या औरंगाबाद व आतांच्या छत्रपति संभाजीनगर शहरांत एक चमत्कारिक गोष्ट घडली. तेथील कांहीं व्यापारी, डॉक्टर व कारखानदार मंडळींनीं आपसांत मसलत करून एकाच दिवशीं सुमारें दीडशें मर्सिडीझ मोटारी विकत घेतल्या. व्यवहार पांसष्ट कोटी रुपयांच्या घरांतला होता. मराठवाडा म्हटला कीं दुष्काळ, पाण्याचे टँकर आणि ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या एवढेंच चित्र डोळ्यांपुढें आणण्याची ज्यांना संवय होती, त्यांना या वार्तेनें चांगलाच धक्का बसला. पुढें थोड्याच महिन्यांत त्याच शहरांत बीएमडब्ल्यू मोटारींचीहि तशीच सामुदायिक खरेदी झाली. वर्तमानपत्रांत छायाचित्रें आलीं, चहाच्या दुकानांतून चर्चा झाल्या, आणि मग मंडळी पुन्हां पावसाकडे डोळे लावून बसली.

मोटारीचा फोटो निघतो तो ती दुकानांतून बाहेर पडते त्या दिवशीं. पंधरा वर्षांनीं तिचें काय झालें, हें विचारावयास कोणी बातमीदार येत नाहीं. मला हा प्रश्न सुचण्याचें कारण असें कीं, त्याच पिढींतली एक बीएमडब्ल्यू गेलीं दोन वर्षें आमच्या गेवराईंत, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वाड्यांत, लिंबाच्या झाडाखालीं उभी आहे. तिच्या पाटीवर संभाजीनगरचा वीस हा आंकडा आहे, आणि २०११ सालच्या तिच्या नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत आतां भरत आली आहे. त्या दीडशें-दोनशें मोटारींच्या मिरवणुकींत ती होती कीं नव्हती, हें सांगणारा पहिला धनी आज कोठें आहे कोणास ठाऊक. मधल्या काळांत ती एका कंत्राटदाराकडे होती. त्याच्यापुढें एका तरुण पुढाऱ्याकडे गेली. पुढारी निवडणूक हरला आणि गाडी बंद पडली; या दोन गोष्टींचा क्रम नेमका उलटा होता, असें कांहीं लोक म्हणतात.

अशा गाडीचा उतरता प्रवास मोठा शिकण्यासारखा असतो. दर धन्यागणिक तिची किंमत उतरते. परंतु तिच्या सुट्या भागांची किंमत मात्र पहिल्या धन्याच्या ऐपतीलाच चिकटून राहते. तीस लाखांची गाडी तीन लाखांवर आली, तरी तिचा फुटलेला दिवा हा तीस लाखांच्या गाडीचाच दिवा असतो. दुसऱ्या धन्याला हें उशिरां कळतें. तिसऱ्याला पहिल्या बिलावरच कळतें, आणि तो ती काढून टाकण्याच्या मार्गाला लागतो. म्हणून चौथ्या धन्यापुढें दोनच वाटा उरतात. एक भंगाराची. दुसरी, गाडी आपल्या हातानें उघडण्याची. माझ्या विद्यार्थ्यानें ती घेतली तेव्हां नव्या ट्रॅक्टरच्या निम्मीहि किंमत त्याला मोजावी लागली नाहीं. परंतु त्या क्षणापासून दुसरी वाट धरण्यावांचून त्याला गत्यंतर उरलें नाहीं.

गांवाचें मत असें पडलें कीं, पोरानें मिरविण्यासाठीं गाडी घेतली. लग्न जमत नसलें म्हणजे मराठवाड्यांतील तरुण काय काय करतो याचा इतिहास पाहतां हें मत अगदींच निराधार नव्हतें. परंतु मिरविणाऱ्या माणसाची गाडी रस्त्यावर असते. याची गाडी सहा महिने लांकडी ठोकळ्यांवर होती, आणि हा तिच्या खालीं होता. महामार्गालगत त्याचें ट्रॅक्टर-दुरुस्तीचें लहानसें दुकान आहे. ऊस-वाहतुकीच्या दिवसांत, म्हणजे दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत, त्याला श्वास घ्यावयास फुरसत नसते. गाडीला हात लागतो तो रविवारीं पहाटे आणि कारखान्यांचे पट्टे पडल्यावर. बी. ए.च्या वर्गांत तो माझ्यापुढें तीन वर्षें बसला. इंग्रजी हा विषय त्यानें कसाबसा पार केला, आणि मीहि त्याला कसाबसाच पार होऊं दिला.

म्हणून दोन वर्षांपूर्वीं एका संध्याकाळीं तो हातांत मोबाईल घेऊन माझ्या दारांत उभा राहिला आणि म्हणाला, “सर, ह्या एका ओळीचा अर्थ सांगा,” तेव्हां मला आश्चर्य वाटलें. परदेशांतील कोणा हौशी दुरुस्तकारानें लिहून ठेवलेली ती ओळ होती. अमुक बोल्ट प्रथम ‘स्नग’ होईपर्यंत फिरवावा, मग इतक्या न्यूटन-मीटरपर्यंत कसावा, आणि त्यानंतर आणखी नव्वद अंश वळवावा, असा तिचा आशय होता. नव्वद अंशांचें त्याला अडलें नाहीं. काटकोन त्याला शाळेपासून ठाऊक होता. अडलें तें ‘स्नग’पाशीं. कोशांत ‘ऊबदार’ असा अर्थ निघाला होता, आणि ऊबदार बोल्ट म्हणजे काय, या विचारानें बिचारा हैराण झाला होता. मीं म्हटलें, सैल नाहीं, पण गच्चहि नाहीं. आपल्या जागीं आला आहे, एवढाच. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “म्हणजे नीट बसला, एवढंच ना?” एवढेंच. तीस वर्षें मी इंग्रजी शिकवीत आलों. मिल्टनच्या ओळींचा अर्थ विचारणारे विद्यार्थी मला पुष्कळ भेटले, आणि तो अर्थ त्यांना परीक्षेपुरता हवा होता. कळला तर तसें करावयाचें आणि न कळला तर इंजिन फुटावयाचें, अशा निकडीनें इंग्रजी वाक्याकडे पाहणारा हा मला पहिलाच. तेव्हांपासून मी त्याचा भाषांतरकार झालों आहें. मिळकत म्हणून रविवारीं सकाळीं एक कप चहा मिळतो.

पहिल्याच महिन्यांत बॅटरीचें प्रकरण निघालें. या गाडीची बॅटरी पुढें इंजिनाजवळ नसून मागें डिकींत असते. जुनी मेली म्हणून त्यानें नवी आणून बसविली, आणि काम झालें असें आम्हां दोघांनाहि वाटलें. वाचतां वाचतां असें निघालें कीं, काम अर्धेंच झालें आहे. नवी बॅटरी बसविल्याचें गाडीला कळवावें लागतें. कारण बॅटरीच्या ऋण टोकावर एक लहानसा संवेदक बसविलेला असतो. तो प्रवाह, दाब आणि उष्णता यांची सतत मोजदाद ठेवतो, आणि गाडींतला संगणक बॅटरीच्या वयाचा हिशेब करून त्या मानानें तिला वीज पाजतो. नवी आली हें न सांगितलें तर तो तिला म्हातारीच समजून वागवीत राहतो. मला हें वाचून हंसूं आलें, पण विद्यार्थी गंभीर होता. तो म्हणाला, “सर, घरात सून आली की कुलदैवताला जाऊन सांगावं लागतंच की.” मग त्यानें बोटाएवढें एक यंत्र स्टीअरिंगखालच्या खांचेंत बसविलें, मोबाईलवर चार खुणा केल्या, आणि देवाला सूनबाई कळविली.

या साऱ्या उद्योगाकडे मी अगदींच परक्याच्या नजरेनें पाहत होतों असें नाहीं. माझ्या वडिलांनीं १९८४ सालीं एक प्रीमियर पद्मिनी घेतली. ती अजून माझ्याकडे आहे व चालते. वडील बीडच्या कोर्टांत वकिली करीत. गेवराईहून बीड कांहीं फार दूर नव्हे. परंतु उन्हाळ्याच्या दुपारीं परत येतांना ती गाडी मध्येंच कोठें तरी हटकून बसे, कारण पेट्रोलच्या पंपांत उष्णतेनें वाफ धरे. मग एखाद्या शेतांतल्या विहिरीवरून पाणी आणून पंपावर ओलें फडकें टाकावयाचें आणि बाभळीच्या सांवलींत बसून वाट पाहावयाची. वडील तेवढ्या वेळांत अशिलाचे कागद वाचून काढीत. दर रविवारीं ते गाडी उघडीत. पॉइंटवर कानसपट्टी फिरवून त्यांतली फट पातळ पत्र्यांच्या जुडीनें मोजावयाची, प्लग काढून त्यांची काजळी पाहावयाची, कार्ब्युरेटरचें बारीक भोंक तोंडानें फुंकून साफ करावयाचें. आणि या सर्व विधींत बॅटरीचा प्रकाश धरण्याचें काम माझें. बॅटरी धरणें हें शिक्षण आहे, असें मी आज म्हणतों. ज्याला प्रकाश धरावयाचा आहे त्याला दुसऱ्याचा हात पुढें कोठें जाणार हें आधीं ओळखावें लागतें. आणि तें ओळखूं लागला कीं त्याला यंत्र समजूं लागतें. प्लग पांढरा पडला म्हणजे पेट्रोल कमी, काळा पडला म्हणजे जास्त, विटकरी असला म्हणजे प्रकृति उत्तम, हें मला इंग्रजी वर्णमालेच्या थोडेंच मागून आलें.

त्या पद्मिनीचें घराणें कुर्ल्याचें. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली, १९४७ सालीं तेथून अमेरिकन नांवाची पहिली गाडी बाहेर पडली, आणि पुढें इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यानें ‘अकराशें’ नांवाची मोटार तेथें तयार होऊं लागली. १९७४ पासून तिला चितोडच्या राणीचें नांव मिळालें. एक हजार एकोणनव्वद घनसेंटिमीटरचें इंजिन, चाळीसेक अश्वशक्ति, आणि गियरचा दांडा स्टीअरिंगला. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें उतरली, तेव्हां मुंबईकरांनीं उसासे टाकलेले मीं वाचले. आमच्या वाड्यांत तिला तें कळविलेलें नाहीं.

येथें एक विषयांतर करतों, कारण तें माझ्या तालुक्याशीं निगडित आहे. तीन वर्षांपूर्वीं पद्मिनीच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या फुगूं लागल्या. कांहीं आंतून चिकट झाल्या, एक तर हातांत तुटली. पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण वाढत होतें, तें हें. वीस टक्क्यांचें उद्दिष्ट सरकारनें प्रथम २०३० साठीं ठेवलें होतें. तें पांच वर्षें आधीं, २०२५ मध्येंच गांठलें. नव्या गाड्या त्या हिशेबानें बनतात. जुन्या गाडीचें रबर मात्र दुसऱ्या काळाचें असतें, आणि इथेनॉल हवेंतलें पाणी ओढून घेतें, त्यामुळें टाकीच्या तळाशीं गंज धरतो. मीं सर्व नळ्या बदलून इथेनॉलला दाद न देणाऱ्या रबराच्या बसविल्या, पंपाचा पडदा बदलला, आणि गाडी महिना-महिना उभी ठेवणें बंद केलें. तक्रार करावी तर कोणाजवळ? हें इथेनॉल कांहीं अंशीं मक्यापासून व तांदुळाच्या कणीपासून येतें, पण कांहीं अंशीं तें उसापासून येतें. आणि आमच्या तालुक्यांत पैठणच्या उजव्या कालव्याखालीं ऊस उभा असतो, तर ज्यांच्या वांट्याला कालवा आला नाहीं तीं माणसें कोयता घेऊन दसऱ्यानंतर पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत तोच ऊस तोडावयास जातात. माझ्या वर्गांत दरवर्षीं दिवाळीनंतर कांहीं बांकें रिकामीं होतात. म्हणून फुगलेली नळी कापून फेकतांना मला नुसता राग येत नाहीं. हें पेट्रोल आपल्याच शेजाऱ्यांच्या घामाचें असण्याचा संभव आहे, असें मनांत येऊन जातें. विद्यार्थ्याची गाडी डिझेलवर चालते. या बाबतींत तो माझ्याकडे किंचित् दयेनें पाहतो.

त्या गाडीच्या कुळाची हकीकत मीं त्याला एकदां सांगितली. त्याची अशी समजूत होती कीं, बीएमडब्ल्यू ही जन्मतःच राजेरजवाड्यांची मोटार. म्यूनिकच्या या कारखान्याचा जन्म पहिल्या महायुद्धांत विमानांचीं इंजिनें करण्यासाठीं झाला. चाकावरच्या त्या निळ्या-पांढऱ्या बिल्ल्याला लोक विमानाचा पंखा समजतात; वस्तुतः ते बव्हेरिया प्रांताचे रंग आहेत. मोटारींच्या धंद्यांत ती कंपनी १९२८ सालीं शिरली, ती आयसेनाख येथील एक कारखाना विकत घेऊन; आणि तेथें जी मोटार होत होती ती होती डिक्सी, म्हणजे इंग्लंडमधील ऑस्टिन सेव्हन या मध्यमवर्गीयांच्या चिमुकल्या गाडीची परवान्यानें केलेली नक्कल. दुसऱ्या महायुद्धानंतर याच कंपनीनें इझेटा नांवाची अंड्याच्या आकाराची गाडी काढली. तिला दार एकच, तेंहि समोर. आणि मूळ आराखडा इटालियन. १९५९ सालीं तर कंपनी प्रतिस्पर्ध्याच्या हातीं जातां जातां वांचली. हें सर्व ऐकून विद्यार्थ्याचा चेहरा असा खुलला कीं, मीं जणूं त्याच्या भावी सासऱ्याचें जुनें कर्ज शोधून काढलें. “म्हणजे ह्यांनी पण आधी दुसऱ्याचीच गाडी जोडली,” तो म्हणाला. त्याच्या मालकीची गाडी तरी कोठली? बीएमडब्ल्यूनें २००७ पासून चेन्नईजवळ जुळणीचा कारखाना घातला आहे. तिसऱ्या मालिकेच्या आपल्याकडील गाड्या तेथें जोडल्या गेल्या. कुर्ल्यांत जें झालें त्याचीच ही तमिळ आवृत्ति.

आतां लिंबाखालच्या कारखान्याविषयीं. उन्हाळ्यांत काम पहाटे पांचला सुरू होतें, कारण आठनंतर लोखंडाला हात लावतां येत नाहीं. दोन जॅक, चार सागवानी ठोकळे, आणि एक कडक नियम: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणी जावयाचें नाहीं, मग धोंडा असो, ठोकळा असो, पण दुसरा आधार पाहिजे. खालीं एक जुनें धोतर अंथरलेलें असतें, तें कांहीं पडलें तर आवाज न होतां सांपडावें म्हणून. अडचण आली ती पान्यांची. या गाडीचे पुष्कळ बोल्ट षट्कोनी डोक्याचे नसून तारकेच्या आकाराचे आहेत, आणि गेवराईच्या बाजारांत तारकेचा पाना मागितला तेव्हां दुकानदारानें त्याला ज्योतिषाकडे जाण्याचा सल्ला दिला. शेवटीं संच संभाजीनगरहून आला. जी हत्यारें विकत मिळण्याजोगीं नव्हतीं किंवा परवडण्याजोगीं नव्हतीं, त्यांतलीं तीन लेथवाल्यानें ट्रॅक्टरच्या मोडक्या दांड्यापासून कांतून दिलीं. नकाशा आम्हीं काढून दिला. मापांत जें चुकलें होतें तें लेथवाल्यानें आम्हांस न विचारतां सुधारलें.

मोठी परीक्षा झाली ती गाडीचा जोर गेला तेव्हां. चढावर ती ट्रॅक्टरच्या मागें पडूं लागली आणि धूर काळा येऊं लागला. शहरांतील एका गॅरेजमध्यें नेली, तेव्हां त्यांनीं यंत्र लावून पाहिलें आणि टर्बो बदलावा लागेल असें सांगितलें. आंकडा लाखाच्या वरचा होता. गाडी परत आणली. विद्यार्थ्याच्या बोटाएवढ्या यंत्रानेंहि तोच संकेतांक दाखविला. परंतु त्या संकेतांकाचें शब्दशः भाषांतर मीं करून दिलें, तें असें: ‘हवेचा दाब अपेक्षेपेक्षां कमी.’ टर्बो खराब आहे, असें त्यांत कोठेंहि म्हटलेलें नव्हतें. तो कांहीं वेळ बोनेटकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “सर, रोगाचं नाव हे सांगतं. रोग कुठं हाय ते नाही सांगत.” मग त्यानें टर्बोपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या हवेच्या वाटेवरून हात फिरवावयास सुरुवात केली, अंधारांत, नुसत्या बोटांनीं, जशी गाभण म्हशीची कूस चांचपावी तसा. मी मोबाईलचा दिवा धरला होता. तिसऱ्या वळणावर एका रबरी नळीच्या खालच्या अंगाला त्याच्या बोटांना तेलकट लागलें. नळी काढली. वाकविली तेव्हां करंगळीएवढी भेग तोंड उघडून हंसली. पंधरा उन्हाळे खाल्लेलें तें रबर. इंजिन शांत असतांना भेग मिटलेली, दाब चढला कीं उघडी. नवी नळी टर्बोच्या किंमतीच्या विसाव्या हिश्श्यांतहि सामावली.

ही कथा मी मोठ्या गॅरेजांची निंदा करण्यासाठीं सांगत नाहीं. तेथें तासाला मोल आहे. म्हशीची कूस चांचपीत बसावयास तेथें कोणास वेळ नसतो. पूर्ण भाग बदलणें हें त्यांच्या हिशेबानें स्वस्त असतें, आणि आमच्या हिशेबानें नसतें, इतकेंच. परंतु ज्याच्याजवळ वेळ आहे आणि हात आहे त्याला निदान माहिती तरी मिळावी कीं नाहीं, हा प्रश्न उरतोच. वडिलांच्या पद्मिनीबरोबर एक जाडजूड पुस्तक आलें होतें. त्यांत इंजिनाचा प्रत्येक भाग आकृतीसह दाखविलेला होता, आणि त्याच्या पानांवरचे तेलाचे ठसे हाच आमच्या घरचा मोटारीचा इतिहास आहे. आजच्या गाडीचें तें पुस्तक गाडीबरोबर येत नाहीं. भारताच्या स्पर्धा आयोगानें ऑगस्ट २०१४ मध्यें याच प्रश्नावर एक निकाल दिला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीचीं यंत्रें स्वतंत्र दुरुस्तकारांना मिळूं न देणें हें कायद्याविरुद्ध आहे, असें ठरवून त्यानें चौदा मोटार-कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड केला. पुढें त्यावर अपिलें झालीं, तहकुबी झाल्या. दंडाची हकीकत लांबली. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत तर २०१२ सालीं लोकांनींच मतदान करून दुरुस्तीच्या माहितीचा हक्क मागितला. मला या वादांत दंडापेक्षां त्यामागची कल्पना महत्त्वाची वाटते. वस्तूचे पैसे मोजले म्हणजे ती माझ्या नांवावर होते. पण तिच्या आंत काय चाललें आहे हें मला पाहतां येत नसेल, तर ती माझी झाली असें मी मानीत नाहीं. पहिल्या धन्याला या गाडीचें बोनेट उघडण्याचा खटका कोठें आहे हें तरी ठाऊक होतें कीं नाहीं, याची मला शंका आहे. त्या हिशेबानें ती पंधरा वर्षांत प्रथमच कोणाच्या तरी मालकीची झाली.

अर्थात् जर्मन यंत्रशास्त्राचे सगळेच दंडक आमच्या गळीं उतरतात असें नव्हे. कांहीं बोल्ट एकदां पूर्ण ताणून कसले कीं पुन्हां वापरावयाचे नाहींत, काढले कीं टाकावयाचे, असा एक दंडक आहे. कारण सयुक्तिक आहे. कसतांना तो बोल्ट किंचित् लांबतो आणि त्या ताणावरच त्याची पकड असते. परंतु ज्या घरांत वांकडा खिळासुद्धां ठोकून सरळ करून डब्यांत ठेवतात, त्या घरांत चकचकीत बोल्ट फेकून द्यावयाचा म्हणजे अन्न टाकण्यासारखें. विद्यार्थ्यानें दंडक पाळला, आणि बोल्टहि टाकले नाहींत. ते आतां गोठ्याच्या दाराला बसले आहेत. गेवराईंत एवढ्या उंची बोल्टांवर उभा असलेला दुसरा गोठा नसेल.

त्याची आई या सर्वांकडे गोठ्यांतूनच पाहते. मी गेलों कीं चहा आणते आणि एकच वाक्य बोलते: “सर, तुम्ही तरी सांगा याला. ह्या पैशात दोन म्हशी आल्या असत्या.” तिच्या हिशेबाला माझ्याजवळ उत्तर नाहीं, कारण हिशेब बरोबर आहे. म्हैस दूध देते. आतां तर नोंदणीच्या नूतनीकरणाचा खर्च पुढें उभा आहे. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाला पूर्वीं सहाशें रुपये पडत, ते एप्रिल २०२२ पासून पांच हजार झाले. वीस वर्षांवरच्या मोटारीला २०२५ पासून दहा हजार, जे माझ्या पद्मिनीला लागू आहेत. शिवाय पर्यावरण-कर, शिवाय बीडला नेऊन तपासणी. सरकारचें म्हणणें उघड आहे: म्हाताऱ्या गाड्यांनीं जावें. धुराच्या दृष्टीनें तें सर्वस्वीं चूक आहे असें म्हणण्याइतका मी आंधळा नाहीं. परंतु नीट राखलेली जुनी गाडी आणि हेळसांड झालेली जुनी गाडी यांना एकाच वयाच्या रकान्यांत बसविणें, हें मला विद्यार्थ्यांना हजेरीवरून गुण देण्यासारखें वाटतें. तपासणी खरी कडक करावी. शुल्क मग हवें तें घ्यावें.

आणि नेमक्या याच वेळीं तो आवाज निघाला आहे. सकाळीं थंड इंजिन सुरू केलें कीं पहिले चार-पांच क्षण मागच्या बाजूनें बारीक खुळखुळ येते, मग जाते. त्यानें लांब पेचकसाचें टोंक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली. ट्रॅक्टरवाले असेंच ऐकतात. मग मला ऐकविलें. शंका टायमिंगच्या चेनची आहे. या डिझेल इंजिनांत ती चेन पुढें नसून मागें, गियरबॉक्सच्या अंगाला आहे. म्हणजे तिला हात लावावयाचा तर आधीं गियरबॉक्स खालीं उतरवावयाचा. मधल्या धन्यांनीं तेल वेळेवर बदललें नसावें, असें तळाशीं निघालेल्या काळ्या साक्यावरून दिसतें. चेन चालत्या गाडींत तुटली तर वॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतील, आणि मग इंजिनाचें जें व्हावयाचें तें होईल. न उघडतां नोंदणीचे पैसे भरावे, तर महिनाभरांत ते पाण्यांत जाण्याची भीति. उघडावें, तर लिंबाखालीं आजवर कोणी केलें नाहीं असें काम. तीन आठवडे तरी जाणार, आणि एक खूण चुकली तर पुन्हां पहिल्यापासून. विकावी, तर हा आवाज ऐकवून विकावी कीं इंजिन गरम करून? शेवटचा प्रश्न त्यानें स्वतःच काढला आणि स्वतःच मिटविला. गरम करून विकावयाची नाहीं.

गेल्या रविवारीं त्यानें मला विचारलें, “उघडायची का, सर?” मीं विचारलें, गियरबॉक्स पेलावयाला काय आहे? शेजारच्या ट्रॅक्टर-गॅरेजवाल्यानें आपला चाकांचा जॅक देऊं केला आहे. चेन जागेवर धरून ठेवण्याच्या खुंट्या? लेथवाल्यानें माप मागितलें आहे. आणि चेनचा संच? त्यावर तो जरा घुटमळला. संच मागवून झाला होता. पार्सल माझ्या पत्त्यावर यावयाचें होतें, कारण घरीं आलें असतें तर आईनें त्यावरची किंमत वाचली असती.

तें पार्सल परवां आलें. आंत चेन, दोन मार्गदर्शक पट्ट्या, ताण देणारा एक दट्ट्या आणि टाकाऊ जातीच्या बोल्टांची एक पुडी आहे. सोबतचा सूचनांचा कागद जर्मन भाषेंत आहे. जर्मन मला येत नाहीं, कोश मात्र आहे. ग्रंथालयांतून आणून बसलों आहें. नऊ ओळी झाल्या, चौदा राहिल्या आहेत.